जोडीची मृत्युपत्रं

भाऊजींनी अडतीस वर्षं बुटांचं दुकान सांभाळलं आणि निवृत्त होताना तिथून एकच गोष्ट घरी आणली. सगळं जोडीनं हवं. दोन छत्र्या एकाच रंगाच्या, दोन स्वेटर एकाच नक्षीचे, दोन टूथब्रशसुद्धा निळेच. मग रोज सकाळी 'हा तुझा की माझा' यावर दहा मिनिटं घालवायची आणि शेवटी ज्याच्या हाताला जो लागेल त्यानं दात घासायचे. बायकोला हे चालतं का, असं त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्यांची बायको म्हणजे आमच्या ताई. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. त्या कोट आणि शाळांचे युनिफॉर्म कापतात, शिवतात. मी काज, बटण आणि तुरपाई करते आणि उरलेल्या वेळात तोंड चालवते. सगळे मला काजवाली म्हणतात. बावीस वर्षं मी खिडकीखाली त्याच जागी बसते. स्टूल तीनदा मोडलं, जागा बदलली नाही. खोलीच्या आणि मागच्या घराच्या मध्ये नुसता एक पडदा आहे. पडद्याला कान नसतात, पण मला आहेत.

ताई-भाऊजींना मूल नाही. एक पुतण्या आहे, भाऊजींच्या भावाचा. महिन्यातून एकदा येतो. "काका, तब्येत कशी आहे?" असं विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत छताकडे बघतो. गेल्या खेपेला आला तेव्हा त्यानं टेबलावरची माझी टेप उचलली आणि दारापासून खिडकीपर्यंत खोली मोजली. मग फोनवर कुणाला तरी सांगायला लागला, "शटर आरामात बसेल. मोबाइलचं दुकान एकदम झकास." मी तिथंच बसले होते. सुई हातात होती, टाका मात्र पुढे जाईना.

खरं सांगते, मला भीती वाटली. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय. मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? आमची गिऱ्हाइकं येतात ती या खोलीत. ही खोली गेली की काजवालीचं काज कुणाला हवंय? ताईंना यातलं काही बोलले नाही. पुतण्याकडून फक्त टेप मागून घेतली आणि सुरळी करून डब्यात टाकली.

मृत्युपत्राचं खूळ शेजारून आलं. शेजारी दातांचे डॉक्टर राहतात. ते आणि डॉक्टरीणबाई एक दिवस चहाला आले आणि बोलता बोलता म्हणाले की आम्ही मृत्युपत्रं करून टाकली बुवा, डोक्याचा ताप गेला. झालं. भाऊजींना रात्रभर झोप नाही. सकाळी ताई कापड आखत होत्या तेव्हा ते पडदा सारून आले.

"आपणही करायचं," ते म्हणाले. "जोडीनं. शब्द न् शब्द सारखं. मी गेलो तर सगळं तुला, तू गेलीस तर सगळं मला. दोघं गेलो की पुतण्याला."

"अहो, पण मला काही वेगळं लिहावंसं वाटलं तर?"

"वेगळं कशाला वाटेल? आपलं मत एकच आहे."

ते खरंच होतं म्हणा. दोघांचं मत एकच असायचं आणि ते काय आहे हे ताईंना दरवेळी भाऊजींकडूनच कळायचं.

ताईंनी खडू खाली ठेवला. "इतकी वर्षं बूट विकलेत. डावा आणि उजवा कधी सारखा असतो का हो? सारखा असता तर माणसाला चालता आलं असतं?"

"हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं," असं म्हणून भाऊजी वकीलबाईंना फोन करायला गेले.

दोन दिवसांनी ताई दोरा आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि दोरा न घेताच परत आल्या. कुठे गेल्या होत्या ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगते, नाहीतर पुढे मी किती शहाणपणा केला ते कळायचं नाही. त्या वकीलबाईंकडे गेल्या होत्या. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी एक कलम जास्तीचं घालून घेतलं. 'पुढच्या खोलीतला माझा हिस्सा, दोन्ही यंत्रं आणि कापायचं टेबल काजवालीला.' घर दोघांच्या नावावर, म्हणजे माझ्या वाट्याला अर्धी खोली. अर्धी तर अर्धी. खिडकी माझी आणि दार पुतण्याचं, असं काहीतरी झालं असतं. पण मला त्या खोलीतून उठवायचं तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागलं असतं.

"साहेब वाचतील ना हे?" वकीलबाईंनी विचारलं होतं.

"नाही वाचणार," ताई म्हणाल्या. "ते एकच बूट बघतात."

भाऊजींच्या दुकानाचा तो नियमच होता. गिऱ्हाइकाच्या पायात फक्त उजवा घालायचा, डावा खोक्यातच राहू द्यायचा. उजवा बसला की डावा बसणारच. या नियमापायी एकदा एक गृहस्थ दोन उजवे बूट घेऊन घरी गेला. भाऊजी आजही म्हणतात की चूक त्या गृहस्थाची, त्यानं निघताना खोकं उघडून बघायला हवं होतं.

सह्यांसाठी रविवारची सकाळ ठरली, अकराची वेळ. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. वकीलबाई म्हणत होत्या की माझ्या ऑफिसात या, तिथला कारकून साक्षीदार होईल, पाच मिनिटांत उरकेल. पण भाऊजींना साक्षीदार कुठे हवे होते, त्यांना प्रेक्षक हवे होते. त्यांनी बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, दोन सारख्या बशांत सारखी बिस्किटं मोजून ठेवली आणि उकडत असताना दोघांनी तो एकाच नक्षीचा स्वेटर घालायचा, असं फर्मान काढलं. ताई घामानं निथळत होत्या. युनिफॉर्मचा मोठा गठ्ठा सोमवारी द्यायचा होता म्हणून मीही कामावर आले होते. पडदा अर्धा उघडा होता. तो मीच तसा ठेवला होता.

डॉक्टरीणबाई आल्या त्या उजवा हात प्लास्टरमध्ये घालून. दोन दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्या होत्या.

"अहो, सही?" भाऊजी कळवळून म्हणाले. हात दुखतो का, हे विचारायचं राहूनच गेलं.

"सही कसली करतेय! मी नुसती बघायला आलेय."

"डाव्या हातानं जमेल की."

"डाव्या हातानं मला चहासुद्धा पिता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच तो टेबलावर सांडून दाखवला.

वकीलबाईंनी कागद झटकन उचलले. बुटक्याशा, भलीमोठी बॅग घेतलेल्या बाई. असली कुटुंबं रोज बघत असाव्यात, कारण चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. "साक्षीदार दोन लागतात," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात करू या."

पुढच्या आठवड्यात? स्वेटर घातलेले, बिस्किटं मांडलेली! भाऊजींनी इकडे तिकडे बघितलं आणि पडदा सारला.

"अगं ए, तुला सही येते ना?"

"येते की!" मी म्हणाले. न यायला काय झालं? कापडाची पार्सलं येतात ती बावीस वर्षं कोण सही करून घेतं?

मी हात धुतले, अंगावरचे दोरे झटकले आणि बैठकीच्या खोलीत गेले. त्या खोलीत मी चहाचे कप न्यायला पुष्कळदा गेले होते, खुर्चीत बसले होते ती पहिल्यांदा. ताईंकडे बघितलं तर चेहरा पांढराफटक. मला वाटलं, डॉक्टरांच्या शेजारी मला बसवलं म्हणून यांना लाज वाटतेय. ते मला लागलं.

भाऊजींनी आपलं मृत्युपत्र उभं राहून वाचलं. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं, प्रत्येक ओळीला मान वर करून. वाचून झाल्यावर ताईंचा कागद हातात घेतला, वरचं नाव बघितलं आणि खाली ठेवला.

"दुसरं हेच आहे. शब्द न् शब्द. परत वाचून वेळ कशाला घालवायचा?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला. एकदासुद्धा मतभेद नाही. आहे का असं दुसरं जोडपं?"

"आमचे तर इथे येतानाच झाले," डॉक्टर म्हणाले.

वकीलबाई घसा साफ करून बोलू लागल्या. "सह्यांआधी एक विचारायचं असतं. ज्याला या कागदांतून काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. त्यानं सही केली की त्याचं मिळणं रद्द. तर असं कुणी आहे का इथे?" हे बोलताना त्या ताईंकडे बघत होत्या. ताई टेबलावरच्या सांडलेल्या चहाकडे बघत होत्या.

भाऊजींना हसू आवरेना. "डॉक्टरांना काय, माझे दात मिळतील. तेही निम्मेच उरलेत. आणि हिला?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला काय मिळायचंय? बसायला स्टूल आहे, झालं."

सगळे हसले. मीही हसले. बावीस वर्षांची सवय.

"ती नको," ताई म्हणाल्या.

"का?"

कातर हातात असली की कधी न अडखळणारी बाई तिथं चाचपडत होती. मग एकदम म्हणाल्या, "तिला सही येत नाही."

मी तुम्हाला सांगते, कुणी कानाखाली वाजवली असती तर इतकं लागलं नसतं. भाऊजी म्हणाले असते तर सोडून दिलं असतं, त्यांना माझं आडनावही धड ठाऊक नाही. पण ताई? माझ्या सहीचे कागद रोज डब्यात टाकणाऱ्या ताई? डॉक्टरांच्या देखत मला अडाणी ठरवतात? डोक्यात सणकच गेली.

"येते की नाही ते दाखवते," असं म्हणून मी वकीलबाईंच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

आधी भाऊजींचं झालं. त्यांनी सही केली, डॉक्टरांनी केली, मग मी केली. सावकाश, वळणदार, पूर्ण नाव आणि आडनाव, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. पार्सलवाल्याला मी इतकं कधी देत नाही. "वा!" डॉक्टर म्हणाले. मी ताईंकडे बघितलंसुद्धा नाही.

मग ताईंचा कागद पुढे आला. ताईंनी सही केली. डॉक्टरांनी केली. मी पेन टेकवलं. पहिलं अक्षर काढणार, तोच ताईंचा तळहात कागदावर पडला, नेमका माझ्या पेनाखाली. मी चुकीच्या रेघेवर काज कापायला लागले की त्या असाच हात टाकतात. शाईचा ओरखडा त्यांच्या करंगळीवर उमटला.

"थांब," त्या म्हणाल्या. "तू सही केलीस तर तुझं जाईल."

"माझं काय जाईल?"

"खोली."

मला काही कळेना. ताईंनी भाऊजींकडे बघितलं, आणि बावीस वर्षांत मी तरी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "माझा कागद वेगळा आहे. पुढच्या खोलीतला माझा हिस्सा मी हिला दिलाय. यंत्रं आणि टेबलसुद्धा. तुम्ही वाचलं नाहीत."

भाऊजींनी कागद उचलला आणि वाचला. पुन्हा वाचला. मघाशी ज्या पेनानं मी तोरा मिरवला त्याच पेनानं मी माझी खोली खोडायला निघाले होते, तीही रेघ आणि टिंबांसकट. ज्या बाईवर मी दात ओठ खात होते ती मला वाचवायला म्हणून खोटं बोलली होती. बरं, खोटं तरी चांगलं सुचावं!

"म्हणजे," डॉक्टर हळूच म्हणाले, "हा मतभेद म्हणायचा का?"

आता भाऊजींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. ओरडायची इच्छा पार गळ्यापर्यंत आलेली. पण समोर डॉक्टर, बाजूला डॉक्टरीणबाई, आणि अंगात बायकोच्या नक्षीचा स्वेटर. ओरडले तर मतभेद. गप्प बसले तर कागद जुळत नाहीत. मग एकदम हसले.

"छे हो, कसला मतभेद? हे आमचं आधीच ठरलं होतं! माझ्यातही घालायचं होतं. वकीलबाई, माझ्या कागदातून हे कलम गळलं कसं?"

वकीलबाईंच्या चेहऱ्यावरची माशी तेव्हाही हलली नाही. "टायपिंगची चूक," त्या म्हणाल्या. "बुधवारी ऑफिसात या. दोन्ही नव्यानं करू. साक्षीदार आमचे."

मधले तीन दिवस मी जेवले की नाही ते आठवत नाही. पडद्यामागून सगळं ऐकू येत होतं. भाऊजी आधी चिडले, मग समजावायला लागले, मग अबोला धरला. "अगं, ते कलम काढून टाक, मग जुळेल."

"नाही काढणार," ताई म्हणायच्या. "तुमचं तुम्ही पहिल्यासारखंच ठेवा ना. माझं असं राहू दे."

"मग ते जुळणार कसं?"

"नाही जुळणार."

हे दोन शब्द भाऊजींना सोसेनात. अर्धी खोली हातची जाईल याचं दुःख होतंच, पण दोन कागद वेगळे राहतील या विचारानं ते पार वाळले. त्यातून डॉक्टर रोज कुंपणापाशी उभे राहून विचारायचे, "काय, झालं का तुमचं? एकमतानं?" बुधवारी सकाळी भाऊजींनी मुकाट्यानं बूट घातले, ताईंना बूट घालायला लावले आणि दोघं गेली. परत आली तेव्हा पुढची खोली पुरी माझी झाली होती. म्हणजे दोघांच्या नंतर. देव करो आणि त्याला खूप वर्षं लागोत. भाऊजींनी मला खोली दिली ती माझ्यावर माया म्हणून नव्हे, जोड फुटू नये म्हणून. चालेल. मी कारण घासून पुसून बघत बसत नाही.

त्या दुपारी ताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "अजून राग आहे?"

"सही येत नाही म्हणालात."

"दुसरं काही सुचलंच नाही गं."

"खरं सुचलं नाही? सांगायचं सरळ, हिला खोली देतेय म्हणून."

ताई करंगळीवरचा शाईचा डाग चोळत राहिल्या. तो अजून पुरता गेला नव्हता. "तुला द्यायची हे बावीस वर्षं मनात होतं," त्या म्हणाल्या. "यांच्यासमोर माझं काही वेगळं आहे असं म्हणायला एक्केचाळीस लागली." मला रडू आलं आणि मी ते सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं खिडकीकडे तोंड करून उरकून घेतलं.

आठवड्याभरात भाऊजी आळीभर सांगू लागले की खोलीची कल्पना मूळ त्यांचीच. "कष्टाची कदर करावी माणसानं," असं ते माझ्यादेखत डॉक्टरांना म्हणाले. मी मान डोलावली. पुतण्याचे दोन फोन आले. दुसऱ्या फोननंतर भाऊजी बराच वेळ कपाळ चोळत बसले होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

काल ते पडदा सारून आले. हातात एक टाइप केलेला कागद, चेहऱ्यावर बूट विकतानाचं हसू.

"हे बघ," ते म्हणाले. "खोली तुझी होणार. मग तुझ्यानंतर कुणाची, हे नको का ठरायला? तुझंही मृत्युपत्र मीच करून आणलंय, अगदी आमच्यासारखं. आता तिघांचं कसं छान जुळेल! शेवटी पुतण्याला, बस्स. वाचायची गरज नाही. साक्षीदारही बघून ठेवलेत. तू फक्त इथे खाली सही कर."

ताईंचं यंत्र थांबलं. मी कागद हातात घेतला. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा सुलटा करून त्यांच्या हातात ठेवला.

"भाऊजी," मी म्हणाले, "ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना? मला सही येत नाही."